मनोधैर्याचा हिशेब

शहरे जाळली की जनता खचते आणि आपल्याच सरकारला शरण जायला लावते, हा सिद्धांत इटालियन सेनाधिकारी जुलिओ दुए याने १९२१ साली मांडला. वाहिन्यांवरचे संरक्षणतज्ज्ञ आजही प्रत्येक युद्धात तो ताज्या शोधासारखा ऐकवतात. त्याची सर्वांत मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर झाली.

ब्रिटिश वायुदल शहरांकडे वळले ते आधी अचूकतेच्या अभावामुळे. ऑगस्ट १९४१च्या बट अहवालात हवाई छायाचित्रे तपासली गेली, तेव्हा लक्ष्य गाठल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश त्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचल्याचे दिसले. रात्री कारखाना सापडत नाही, शहर सापडते. १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरले. आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचा प्रमुख झाला तो त्यानंतर. सगळे पाप त्याच्या माथी मारणे मंत्रिमंडळाला फार सोयीचे पडले.

या धोरणाला आकड्यांचा आधार दिला चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल याने. मार्चअखेरच्या त्याच्या टिपणानुसार एक टन बॉम्बने शंभर ते दोनशे माणसे बेघर होतात. म्हणून ५८ मोठ्या शहरांवर मारा केला तर जर्मनीची एक तृतीयांश लोकसंख्या उघड्यावर येईल. आप्त गेल्यापेक्षा घर गेल्याचे दुःख माणसाला अधिक होते, असेही त्याने लिहिले. पुरावा म्हणून त्याने हल आणि बर्मिंगहॅम या बॉम्बग्रस्त शहरांची पाहणी पुढे केली. ही पाहणी करणारे शास्त्रज्ञ झकरमन आणि बर्नाल यांचा निष्कर्ष नेमका उलटा होता: मनोधैर्य खचल्याची चिन्हे दोन्ही शहरांत नव्हती. त्यांचा अहवाल पुरा होण्याआधीच टिपण चर्चिलकडे गेले होते. टिझार्ड या शास्त्रज्ञाने चेरवेलचा अंदाज पाचपट, तर ब्लॅकेट या दुसऱ्या शास्त्रज्ञाने सहापट फुगलेला ठरवला. धोरण बदलले नाही.

२७ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गच्या हॅमरब्रुक या कामगारवस्तीत आगीचे वादळ उठले. तळघरांत आसरा घेतलेले लोक तिथेच गुदमरले. हॅम्बुर्गवरच्या त्या बॉम्बमोहिमेत सुमारे ३७,००० माणसे मेली आणि जवळजवळ नऊ लाख शहर सोडून गेली. तरी काही महिन्यांत उत्पादन बरेचसे सावरले. बंड तर झालेच नाही. बेघर माणसाला अन्न, अंथरूण आणि निवारा नाझी पक्षाच्या यंत्रणेकडूनच मिळत होता. ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याच्याविरुद्ध उठायचे कसे, हा प्रश्न चेरवेलच्या गणितात नव्हता.

शहरांवरील बॉम्बफेकीच्या समर्थकांचा दुसरा युक्तिवाद मात्र झटकून टाकता येत नाही. या हल्ल्यांमुळे जर्मनीला हजारो विमानविरोधी तोफा आणि लढाऊ विमाने पूर्व आघाडीऐवजी मायदेशी ठेवावी लागली. सोव्हिएत सैन्याला त्याचा लाभ झाला, हे मान्य करावे लागते. पण तोफा अडकल्या त्या विमाने येत होती म्हणून; त्यासाठी वस्त्या जाळण्याची गरज नव्हती. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी युद्धात गेले, त्यांतले कित्येक याच चुकीच्या हिशेबाची किंमत मोजत.

फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेनवर झालेल्या बॉम्बफेकीतील मृतांचा आकडा नाझी प्रचाराने दोन लाखांवर नेला. २०१० साली इतिहासकारांच्या आयोगाने तो जास्तीत जास्त २५,००० ठरवला. आकडा फुगवणाऱ्यांचे खोटे पकडले म्हणून बॉम्बफेक योग्य ठरत नाही. वादात मात्र हीच गल्लत रोज होते. ती योग्य नव्हती हे तेव्हाही सांगितले गेले होते: चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, म्हणजे ऐन युद्धात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या धोरणाला विरोध केला होता. न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात हवाई बॉम्बफेकीसाठी कोणी दोषी ठरला नाही. शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणे एकच लक्ष्य मानून सरसकट बॉम्ब टाकण्यावर स्पष्ट बंदी आली ती १९७७च्या जिनिव्हा पूरक कराराने. अमेरिकेने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.