नव्या पुस्तकाचे पहिले सहा महिने

मराठी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला गेलं की सभागृहाच्या दाराशी एक टेबल हमखास दिसतं. त्यावर नव्या पुस्तकाच्या प्रती रचलेल्या असतात आणि शेजारी पाटी असते: छापील किंमत ४०० रुपये, फक्त आज ३०० रुपये. लेखकाचे नातलग, मित्र, कचेरीतले सहकारी, जुने विद्यार्थी असे शे-दीडशे लोक प्रती घेतात, सही घेतात, घरी जातात. दोन-चार दिवसांनी त्याच पुस्तकाचं पार्सल गावातल्या दुकानात पोचतं, तेव्हा त्याची हक्काची गिऱ्हाइकं संपलेली असतात. दुकानदाराच्या वाट्याला उरतो तो लेखकाचं नावही न ऐकलेला वाचक. या वाचकाच्या हाती पुस्तक देणं हे विक्रीतलं सर्वांत अवघड आणि साहित्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं काम आहे. नेमकं याच कामाचा मोबदला दुकानदाराला मिळू नये, अशी व्यवस्था आपण उभी केली आहे.

हिशेब साधा आहे. ४०० रुपयांच्या पुस्तकावर दुकानाला ३० टक्के कमिशन मिळालं, तर प्रत २८० रुपयांना पडते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट द्यावीच लागते, म्हणजे हातात उरले ८० रुपये. त्यातून जागेचं भाडं, वीज, दोन माणसांचे पगार आणि वर्ष वर्ष न खपणाऱ्या प्रतींत अडकलेलं भांडवल. तेच पुस्तक ऑनलाइन ३०० ते ३२० रुपयांना दिसतं. पुष्कळदा ते विकणारा कुणी परका नसतो. खुद्द प्रकाशकच आपल्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर २५-३० टक्के सूट जाहीर करतो आणि वर टपालखर्चही सोसतो. मग दुकानाची खरेदीची किंमत आणि वाचकाची खरेदीची किंमत जवळपास एकच होते. अशा वेळी दुकानदाराने नवं पुस्तक रोखीने का घ्यावं? तो जांगड मागतो, विकलं तर पैसे देतो, नाहीतर गठ्ठा परत करतो. प्रकाशक म्हणतात, दुकानदार वेळेवर पैसे देत नाहीत. दुकानदार म्हणतात, तुम्ही आमच्याआधीच माल विकून टाकता. दोघांचंही खरं आहे, पण या भांडणाची सुरुवात प्रकाशकाने केली असं माझं मत आहे.

पुस्तकाचं दुकान म्हणजे माल ठेवण्याची जागा, असं मराठीत कधी नव्हतं. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू केलं. नवी पुस्तकं कोणती आली, कोण काय लिहितंय, याची बातमी वाचकापर्यंत पोचत नाही तोवर पुस्तक खपत नाही, हे पुस्तकविक्रीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला कळलं होतं. ‘चोखंदळ वाचकांची निवड’सारखी कल्पना त्याच मासिकातली. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरच्या इंटरनॅशनल बुक सर्व्हिसमध्ये वाचकांच्या कित्येक पिढ्या घडल्या. पुढे ग्रंथालीने वाचक चळवळ म्हणून पुस्तकं गावोगाव नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्याच ग्रंथालीने काढलं. आज त्या पुस्तकाचं स्थान सगळ्यांना ठाऊक आहे, पण १९७८ साली ते एका नव्या अनुभवाचं नवं पुस्तक होतं. हे वाचा, असं आग्रहाने सांगणारी माणसं त्याच्या पाठीशी उभी राहिली.

तेव्हा हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढायची रीत होती. आता तीनशे-पाचशेची निघते. मागणीनुसार छपाईची सोय झाल्यापासून पन्नास प्रतींचं पुस्तकही निघू शकतं. त्यामुळे पुस्तकं भराभर येतात, त्यांतली अनेक लेखकाच्या खर्चाने येतात, आणि कोणतं संपादकाच्या हाताखालून गेलंय, कोणतं नाही, हे मुखपृष्ठावरून कळत नाही. निवड करणाऱ्या माणसाची गरज वाढली, ती नेमकी तो माणूस टिकेनासा झाला असताना.

आणि त्याला निवड करायला आपण वेळ तरी कुठे देतो? अमेरिकेत महत्त्वाच्या पुस्तकाच्या आगाऊ प्रती काही महिने आधी दुकानदारांकडे जातात. त्या वाचून दुकानदार शिफारस करतात आणि त्या शिफारशींवरून तिथली पुस्तकविक्रेत्यांची संघटना दर महिन्याला स्वतंत्र दुकानांनी सुचवलेल्या पुस्तकांची यादी काढते. प्रकाशनाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी पुस्तक सगळ्या दुकानांत एकदम मांडलं जातं. आपल्याकडे दुकानदाराला नव्या पुस्तकाची बातमी बहुधा गिऱ्हाइकाकडून कळते. कुणीतरी फेसबुकवर पाहून विचारतो, ‘अमुक आलंय का?’ मग दुकानदार फोन लावतो. प्रकाशकाने छपाईआधी पंचवीस दुकानदारांना पुस्तकाची पीडीएफ पाठवली आणि ‘वाचून कळवा’ म्हटलं, तर त्याला एक पैसा खर्च येत नाही. तरी हे होत नाही. दुकानदार वाचतो, हेच बहुधा आपण गृहीत धरत नाही.

सूट हा प्रकार मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग सढळ सूट देण्यासाठीच ओळखले जात. १९४८ साली स्ट्रँड सिनेमातल्या छोट्या जागेत त्यांनी सुरुवात केली आणि सामान्य नोकरदाराला इंग्रजी पुस्तक परवडावं म्हणून आपल्या नफ्यातला वाटा सोडला. पण ती सूट पुस्तकं जाणणाऱ्या माणसाने स्वतःच्या खिशातून दिलेली होती. आज प्रकाशकाखेरीज सूट देतात ते पुस्तकाला आमिष म्हणून वापरणारे. त्यांचा खरा धंदा दुसऱ्या मालाचा आहे. स्ट्रँड २०१८ साली बंद झालं.

किमतीचं हे युद्ध कुठे जातं, हे ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे १९०० सालापासून प्रकाशक आणि विक्रेते यांच्यात करार होता: प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच पुस्तक विकायचं. १९९५ साली तो करार मोडला, १९९७ साली न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. पुढे काय झालं ते हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागाने दाखवलं. २००७ साली १७.९९ पौंड छापील किमतीचं ते पुस्तक आस्डा या सुपरमार्केटने ५ पौंडांना विकलं. दहा वर्षं लहान मुलांच्या हाती ही मालिका देणाऱ्या छोट्या दुकानांना घाऊक भावात ते त्याहून महाग पडत होतं, म्हणून काही दुकानदारांनी चक्क सुपरमार्केटमधून प्रती आणल्या. १९९५मध्ये ब्रिटनच्या पुस्तकविक्रेता संघटनेत १८९४ स्वतंत्र दुकानं होती. २०१६मध्ये ८६७ उरली. नंतरच्या काळात त्यांची संख्या पुन्हा हजारावर गेली, याचा आनंद आहे, पण जी गेली ती गेली.

फ्रान्सने उलटा रस्ता धरला. १९७४पासून फ्नाक ही साखळी पुस्तकांवर २० टक्के सूट देऊ लागली, तेव्हा एदिस्याँ द मिन्युईचे प्रकाशक जेरोम लँदाँ यांनी एका किमतीची मागणी लावून धरली. सांस्कृतिक मंत्री जॅक लाँग यांनी १९८१ साली कायदा केला: किंमत प्रकाशक ठरवेल आणि वाचकाला ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येणार नाही. ऑनलाइन विक्रेत्यांनी फुकट घरपोच सेवेची पळवाट काढली, तेव्हा कायदा पुन्हा दुरुस्त झाला. ऑक्टोबर २०२३पासून तिथे ३५ युरोंपेक्षा कमी रकमेची पुस्तकं घरी मागवली, तर किमान ३ युरो आकार द्यावाच लागतो. लोकसंख्या साधारण ब्रिटनएवढीच असलेल्या या देशात आजही पुस्तकांची तीन हजारांहून अधिक स्वतंत्र दुकानं चालू आहेत.

तरी कायदा केला की काम झालं, असंही नाही. इस्रायलने २०१४पासून नव्या पुस्तकावर पहिले १८ महिने सूट बंद केली. वाचक जुन्या, स्वस्त पुस्तकांकडे वळले, नव्या लेखकांची विक्री घसरली आणि २०१६ साली कायदा मागे घ्यावा लागला. सूट रोखली, पण नव्या पुस्तकासाठी वाचक तयार करणारं काही उभं केलं नाही, तर असंच होणार. जेम्स डाँट या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने हे ओळखलं होतं. २०११ साली डबघाईला आलेली वॉटरस्टोन्स ही साखळी हाती घेतल्यावर त्याने दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं बंद केलं. कोणतं पुस्तक पुढे मांडायचं, हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. परत जाणारे गठ्ठे कमी झाले, साखळी सावरली. पुढे अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलमध्येही त्याने हेच केलं.

आपल्याकडे असा कायदा नाही. सगळ्या प्रकाशकांनी एकत्र बसून किंमत बांधायची ठरवली, तर २००२च्या स्पर्धा कायद्याचा अडसर येईल. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागद आणि छपाईवर भरलेल्या कराचा परतावाही प्रकाशकाला मिळत नाही. डिसेंबर २०२४मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सोय बंद झाली, मे २०२५पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालसेवा आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पण तालुक्याच्या गावी नवं मराठी पुस्तक मिळण्याची ठिकाणं त्याने वाढलेली नाहीत. सरकारकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे. मात्र सरकारची वाट न पाहता करण्यासारखंही पुष्कळ आहे.

एकेका प्रकाशकाला स्वतःपुरता निर्णय घ्यायला कोणताही कायदा आड येत नाही. पहिले सहा महिने नवं पुस्तक मी स्वतः दुकानापेक्षा स्वस्त विकणार नाही, एवढं त्याने ठरवावं. समारंभातलं टेबल गावातल्या दुकानदाराला द्यावं, त्या दीडशे प्रतींची कमाई त्याला होऊ द्यावी, म्हणजे पुढच्या पन्नास प्रती तो मनापासून विकेल. सूट देता यावी म्हणून छापील किंमत फुगवायची सवय सोडावी. त्यात वाचकाचीही फसवणूक आहे. दुकानदारांनी आपल्या बाजूने पैसे नव्वद दिवसांत चुकते करावेत. राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत. त्यांनी मार्चअखेरीस जास्तीत जास्त सूट देणाऱ्याकडून एकगठ्ठा खरेदी करण्याऐवजी वर्षभर जवळच्या दुकानातून थोडी थोडी नवी पुस्तकं घेतली, तर जिल्ह्याच्या ठिकाणचं एकेक दुकान त्यावर तगेल.

आणि वाचकहो, या दिवाळीत अंकांसोबत एका नव्या लेखकाचं पुस्तक गावातल्या दुकानातून छापील किमतीला घ्या. कोणतं घ्यावं, ते काउंटरवरच्या माणसाला विचारा. तो सुचवेल ते आवडलं नाही, तर पुढच्या वेळी तसं त्याला सांगा. हवं ते पुस्तक दुकानात नसेल, तर मोबाइलवर शोधण्याआधी त्याला मागवायला सांगा आणि चार दिवस थांबा.