कावळ्याच्या माथी

लहान मुलाशी खोटे बोलणे हे खोटे बोलणे मानावे काय, असे कोणी पूर्वी विचारले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. गेल्या भाद्रपदात तो प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. निमित्त क्षुल्लक : अडीच वर्षांच्या नातवाची चोखणी. इंदूरच्या बाजारात तिला चुसनी म्हणतात आणि आता आमच्या घरातही तोच शब्द रुळला आहे.

तान्ह्या मुलाला झोपताना चोखणी दिल्यास झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली सांगितले. उलट ती वर्षानुवर्षे तोंडात राहिली तर पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, कानाची दुखणीही वाढतात. तेव्हा ती सोडवायची हे ठरलेलेच होते. वाद होता तो रीतीचा.

अंगावरचे दूध तोडताना पूर्वी आया स्तनाला कडुनिंबाचा पाला वाटून लावीत. ते निष्ठुर वाटते खरे. परंतु तेथे मुलाचे भांडण निदान आईशी आणि त्या कडवटपणाशीच असे. आम्ही सोपी वाट धरली. चोखणी टेबलाच्या खणात टाकली आणि सांगितले, "काऊने नेली." नातू रात्रभर रडला. सकाळी सारे शांत झाले आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

पुढच्याच आठवड्यात पितृपक्ष आला. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवले, तेव्हा हा पोळीचा तुकडा हातात धरून म्हणू लागला, "काऊ, घे. माझी चुसनी दे." त्यानंतर रोज सकाळी तो गच्चीवर जाऊ लागला. घरची मंडळी कौतुकाने हसत. आम्हाला मात्र खणाकडे पाहवेना.

राज्यकर्त्याने औषधाप्रमाणे असत्य वापरावे, अशी मुभा प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये दिली आहे. मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात आला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, असे कांटने १७९७ मध्ये लिहिले. ही दोन टोके सोडली, तरी आपल्याला धर्मराजाचा 'नरो वा कुंजरो वा' अधिक जवळचा. सरकारी नोकरीत 'प्रकरण विचाराधीन है' हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा लिहिले असेल! पण धर्मराजापुढे युद्ध तरी होते. आमच्यापुढे काय होते? मूल खरे सांगूनही रडलेच असते. म्हणजे खोट्याने त्याचे दुःख रतिभरही कमी झाले नाही. वाचलो ते आम्ही. त्याचा राग आमच्यावर यायचा, तो कावळ्याच्या माथी गेला.

कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत चोखण्यांचे झाड आहे. मुले आपली चोखणी स्वतःच्या हाताने तेथे बांधून निरोप घेतात. तेथेही मुले रडत असतीलच. पण कोण घेतो आहे आणि कोण देतो आहे, हे त्यांना ठाऊक असते.

आम्ही खण उघडून नातवाला चोखणी दाखवली. सांगितले, "काऊने नाही नेली. आजोबांनी ठेवली. आता तू मोठा झालास, ती मिळायची नाही." सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तो विसरत होता, कशाला आठवण दिलीत?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. दोन संध्याकाळी त्याने आकांत केला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या मांडीवर यायला साफ नकार दिला. आमच्या सौ.चेही मत सूनबाईंच्याच बाजूचे होते.

चार-पाच दिवसांनी तो आपणहून आला आणि खण उघडून दाखवा म्हणाला. चोखणी पाहिली, हात लावला आणि खण स्वतःच ढकलून बंद केला. गच्चीवर तो अजूनही जातो, पोळी टाकतो. कावळ्याकडे आता काही मागत नाही.