साठ लिटरची सॅक

यंदा दिवाळीची सुटी लागली की राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून रायगड अशी चार दिवसांची वाट चालायची, असे आम्ही पाचजणांनी ठरवले आहे. पाचहीजण चाळिशी ओलांडलेले, आणि पाचांपैकी चौघांच्या घरून या बेताला विरोध आहे. पाचवा अविवाहित आहे. तारीख ठरली, एस.टी.ची चौकशी झाली, आणि मग माझ्या लक्षात आले की आपल्याजवळ सॅकच नाही. जुनी होती तिचे पट्टे उंदरांनी खाल्ले. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत भाडेकरू बदलतात, उंदीर बदलत नाहीत.

तेव्हा नवी सॅक घेणे आले. पण केवढी? दुकानात त्या लिटरच्या मापाने मिळतात. चाळीस लिटर, साठ लिटर, ऐंशी लिटर. दुधाखेरीज आणखी काही मी आजवर लिटरने विकत घेतले नव्हते. ओझे वाहायचे ते किलोने आणि पिशवी घ्यायची ती लिटरने, यातच फसगतीचे बी आहे असे मला वाटते. कारण पिशवी आपल्याला फक्त जागा दाखवते, वजन दाखवत नाही.

हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा, दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे मांडायचा नव्हे, असे आपण म्हणाल. मीही तसेच म्हणत होतो. माझी मजल शाळेपलीकडे फारशी गेली नाही. तत्त्वज्ञान मी शिकलेलो नाही. मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण या एका खरेदीपायी मी पंधरा दिवस नीट झोपलो नाही, आणि त्याचे कारण पैसे नव्हते.

पहिल्या रात्री मी तपासून झालेल्या एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर न्यायच्या वस्तूंची यादी केली. बेचाळीस वस्तू झाल्या. मग प्रत्येकीसमोर ती का न्यायची ते लिहू लागलो. दहाबारा वस्तूंपुढे सरळ उत्तर आले: पाणी, तांदूळ, पांघरूण. उरलेल्या सगळ्यांपुढे एकच उत्तर येत गेले: ‘लागले तर?’ दुसरी बॅटरी, कारण पहिली बंद पडली तर. तिसरा सदरा, कारण दुसरा भिजला तर. अपचनावर एक गोळी आणि उपासमार झालीच तर चार लाडू. ती यादी वस्तूंची नव्हती. मला कशाकशाची भीती वाटते त्याची ती यादी होती, आणि ती बरोबर साठ लिटरची झाली असती.

पत्नी म्हणाली, “लहानच घ्या. मोठी घेतलीत की भरणारच.” यात तिच्या माहेरच्या फडताळाचा अनुभव बोलत होता, पण म्हणणे खरे होते. पुणेकराला तर हे नव्याने सांगायला नको. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले तेव्हा फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बुणगे यांचा केवढा लोंढा होता! जड सामान आणि माणसे मागे ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर काय झाले त्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि मी इतिहास शिकवत नाही. पण उपाशी फौजेत खाणारी तोंडे किती होती हा हिशेब कोणालाही चुकवता येत नाही.

आमच्या घरात ओझ्याची आणखी एक कथा आहे, बरोबर दोनशे वर्षांनंतरची. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. त्यात आमची नारायण पेठही आली. पाणी येते आहे अशी ओरड झाली तेव्हा आजोबा कचेरीत होते. आजीने काय घेतले? देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचला. निघण्यापूर्वी तिने कपाटाला, कोठीला, ट्रंकेला, सगळ्यांना नीट कुलपे लावली. आयुष्यभर तिला भीती चोराची वाटत आलेली होती. पाणी ओसरल्यावर परतली तो कपाट नाही, कोठी नाही, वाड्याची मागची भिंतसुद्धा नाही. किल्ल्या मात्र सातच्या सात शाबूत! त्या किल्ल्या अजून आमच्याकडे आहेत. लहानपणी मी त्यांच्याशी खेळत असे आणि आजी मला रागावत असे, हरवतील म्हणून.

या गोष्टींवरून लहान पिशवी हीच शहाण्याची पिशवी असे ठरवून मी मोकळा झालो असतो. परंतु मी मागे एकदा तसे ठरवलेले आहे. झोप उडाली ती त्या आठवणीने.

बारा वर्षांपूर्वी आम्ही राजगड-तोरणा केला होता. तेव्हा मी अपरिग्रहावर बरेच वाचले होते, आणि वाचलेले अंगी लागले असे मला वाटत होते. खांद्यावर एक शबनम पिशवीवजा सॅक, तीत एक पंचा, एक सदरा, पाण्याची बाटली, चटणी-भाकरी. गुंजवण्यातून चढताना मी सर्वांच्या पुढे होतो. मागे वळून इतरांच्या फुगलेल्या पाठी पाहत होतो आणि मनात (कधी तोंडानेही) त्यांची कीव करीत होतो. सर्वांत मोठे धूड आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांच्या पाठीवर होते. स्टोव्ह, पातेले, दोर, ताडपत्री, सारे त्यांच्याकडे.

रात्री पद्मावतीच्या देवळात मी त्यांच्या पातेल्यातला भात खाल्ला. पांघरूण त्यांच्याजवळ एक जास्तीचे होते. ते मी घेतले. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या डोंगरसोंडेवर लागलो आणि अवकाळी पाऊस आला. ताडपत्री त्यांची, तिच्याखाली मी मधोमध होतो, कारण मी सर्वांत कमी कपडे आणले होते. ओली ताडपत्री पुन्हा त्यांच्याच पाठीवर चढली. ती ओली झाल्यावर किती जड झाली असेल हा विचार मला आला नाही. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना सरांचा गुडघा लचकला. निमित्त एका निसटत्या दगडाचे. ते काठी टेकीत उतरले, सॅक कोणाला दिली नाही. तो गुडघा पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही. सर आता जिना चढतात तेही एकेक पायरी.

माझ्या अपरिग्रहाचे वजन मी उचलले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

हे लक्षात आल्यापासून मी हलकेपणाकडे जरा संशयाने पाहू लागलो आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे संग्रह न करता चालतात हे खरे. पण त्यांना वाटेत सदावर्त मिळते, म्हणजे कोणाच्या तरी कोठीत धान्य साठवलेले असते. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर लहानशी पडशी असते. दिंडीचे तंबू, भांडी आणि शिधा ट्रकमधून पुढे गेलेला असतो, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा पेठापेठांतून भाकऱ्या थापल्या जातात. यात वारकऱ्याला उणेपणा नाही. तो जे घेतो ते घेतले म्हणून जाणतो, आणि देणाऱ्याच्या पाया पडतो. मी सरांच्या पाया पडलो नव्हतो. मी त्यांना बोजड म्हणालो होतो.

पानशेतच्या पुराच्या कथेत आणखी एक माणूस आहे. वाड्याच्या मागच्या खोलीत एक एकटे गृहस्थ राहत. छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. त्यांच्याजवळ नेण्यासारखे काही नव्हतेच, आणि जे होते ते त्यांनी घेतले नाही. त्यांचे हात रिकामे होते म्हणून त्यांनी एका खांद्यावर माझ्या वडिलांना आणि दुसऱ्यावर आत्याला बसवले आणि उंचावर नेऊन सोडले. आजीच्या कडेवर पोर येऊ शकत नव्हते. एक हात पदरातल्या देवांवर होता आणि दुसरा कमरेच्या किल्ल्यांवर. तेही हलकेच निघाले होते आणि मीही राजगडावर हलकाच गेलो होतो. पण त्यांच्या रिकाम्या हातांत दुसऱ्याची पोरे आली, आणि माझे रिकामेपण दुसऱ्याच्या पाठीवर गेले.

एक कबुली मध्येच देतो. सिंहगडावर पहाटे चढताना दह्याची मडकी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी, आणि चाल अशी की मागून येणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना दम खायला थांबावे लागते. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या वजनाच्या पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावर असूनही त्यांच्या शरीराला चालताना जादा श्रम पडत नाहीत असे त्यात आढळले. पण सिंहगडावरच्या एका बाईंना मी, “जड नाही का वाटत?” असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “जड न्हाई तर काय? उतरताना हलकं असलं की झालं.” त्यांचे मडके विकले गेले तर दिवस साजरा. तेव्हा ओझ्यावर निबंध लिहायला बसणे ही गोष्टसुद्धा सुटी असणाऱ्यांचीच आहे, हे मला ठाऊक आहे.

अखेर गेल्या रविवारी मी सरांनाच बरोबर घेऊन दुकानात गेलो. ते येतील की नाही याची धास्ती होती. पण ते माझ्या आधी येऊन उभे होते. दुकानातल्या मुलाला बाजूला सारून त्यांनी माझी पाठ मोजली. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या काठापर्यंत. “सॅक उंचीवर घ्यायची नसते, पाठीवर घ्यायची असते. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते.” मग तीत वाळूच्या पिशव्या भरल्या, जड पिशवी पाठीला चिकटून, मध्यावर. “ही बुडाशी टाकलीत की मागे ओढते, फार वर टाकलीत की उतरणीवर ढकलते.” कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळला तेव्हा खांद्यावरचा भार एकदम उतरला. वजन मुख्यतः कमरेने घ्यायचे आणि खांद्यांनी सॅक नुसती धरून ठेवायची. डिक केल्टी नावाचा कॅलिफोर्नियातला माणूस १९५२ साली अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि कंबरपट्टा असलेल्या सॅका विकू लागला, हे सरांनीच सांगितले. “तुमचं वजन पासष्ट किलो. पाण्यासकट तेरा किलोच्या वर जाऊ नका, सॅक कितीही मोठी असो.”

“म्हणजे मोठी घेऊ?”

“चार दिवस, आणि स्टोव्ह-पातेलं तुमच्याकडे राहणार असेल तर साठ. नसेल तर चाळीस.”

स्टोव्हचे नाव निघाले आणि बारा वर्षे घशाशी असलेले मी बोललो. ताडपत्रीचे, पांघरुणाचे, गुडघ्याचे. ते पट्टा सैल करीत म्हणाले, “तुमची पिशवी लहान आहे हे मला गुंजवण्यातच दिसलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘हे पातेलं घ्या.’ उतरताना चौघांनी सॅक मागितली, मी दिली नाही. मोठी सॅक पाठीवर असली की पोरं कौतुकानं बघायची हो! तुम्हांला हलकेपणाची मिजास, मला ओझ्याची. गुडघा मिजाशीनं गेला, त्यातली तुमची किती आणि माझी किती, कोण काढत बसणार?”

मी साठ लिटरची घेतली. सर येणार नाहीत. त्यांचे पातेले येणार आहे.

लक्ष्मी रस्त्यावरून ते रिकामे धूड पाठीवर घेऊन घरी आलो. मोदी गणपतीपाशी दोघांनी, “कुठं निघालात?” म्हणून विचारले. वाड्यात शिरताच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वेल्ह्याच्या बाजूचा तांदूळ आणायला सांगितला, पाच किलो. मी तेरा किलोंचा हिशेब सांगू लागलो तर म्हणाल्या, “येताना तर तुमचं खाणं संपलेलं असेल ना?”

माझी मुलगी पाचवीत आहे. तिने सॅक जमिनीवर उभी केली, आपले दप्तर उचलून तीत सोडले. ते आख्खे आत गेले आणि वर भरपूर जागा उरली. मला काय सुचले कोणास ठाऊक, मी ते बाहेर काढून रद्दीसाठी ठेवलेल्या ताणकाट्याला अडकवले. साडेचार किलो. तिचे वजन अठ्ठावीस. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असू नये असे केंद्र सरकारचे २०२०चे धोरण आहे. ते शाळेत मीच वाचून दाखवले होते. दप्तर उघडले तर निम्म्या वह्या-पुस्तकांचा दुसऱ्या दिवशी तासच नव्हता.

“मग हे का नेतेस?”

“लागलं तर?” ती म्हणाली.