काळाचें वजन

जळकोटासारख्या गांवीं जत्रेंतला कुस्त्यांचा फड उठला म्हणजे पारावर जुन्या-नव्या मल्लांची कल्पित झुंज हटकून लागते. माझी जोड अशी : 1952 सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव आणि 2018 सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणारा बीड जिल्ह्याचा राहुल आवारे. दोघेही 57 किलो वजनगटाचे. परंतु तराजू देह तोलतो, काळ तोलीत नाहीं. खाशाबा मातींत घडले, वर्गणीच्या पैशांवर परदेशीं गेले. राहुलला गादी मिळाली, लातूर जिल्ह्याच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखा गुरु लाभला. दोघांचीं साधनें समान करूं म्हटलें, तर दोघेही मूळचे उरत नाहींत. म्हणून जिंकेल कोण, हें सांगतां येत नाहीं. हरेल कोण, तें मात्र ठाऊक आहे : गुणवंताला दारोदार हिंडवून मागाहून त्याच्याच हालअपेष्टांचे पोवाडे गाणारा समाज.