लवकर सुरुवात कशाची?

स्पर्धा परीक्षेची तयारी कधी सुरू करायची, हा प्रश्न पूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्षी पडायचा. आता तो आठवीतल्या मुलांच्या घरी पडतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशासारख्या तापीकाठच्या गावातल्या आईबापांनाही वाटतं की आत्ताच क्लास लावला नाही तर पोरगं मागे पडेल. ही धास्ती मला समजते. 2023च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाख सोळा हजारांहून अधिक अर्ज आले आणि शेवटच्या यादीत 1,016 नावं होती. हजारात एक. ज्या घरात आजवर कोणी सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेलं नाही, त्या घराला हा आकडा ऐकून घाई होणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की लवकर सुरू करायची गोष्ट परीक्षा नव्हे.

लवकर सुरुवातीचा फायदा कोणाला होतो, हे इतिहासात एकदा लख्ख दिसलं आहे. आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसची, स्पर्धा परीक्षा 1855 पासून लंडनमध्ये होऊ लागली. 1863 साली सत्येंद्रनाथ टागोर त्यातून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. 1869 साली उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांमध्ये मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. त्यांचं आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींचं नाव वयाच्या वादावरून यादीतून काढलं गेलं होतं आणि नंतर दोघांनाही परत घ्यावं लागलं. पुढे भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांच्या काळात कमाल वय एकविसावरून एकोणीसवर आणलं गेलं आणि 1878 पासून ते लागू झालं. याचा अर्थ काय, तर इंग्रजी पक्की करायची, लंडन गाठायचं आणि तिथल्या पोरांशी स्पर्धा करायची, हे सगळं कोवळ्या वयातच उरकायचं. हे कोणाला परवडणार होतं? दार बंद न करताही फक्त वय खाली आणून माणसं बाहेर ठेवता येतात. सुरेंद्रनाथांनी या प्रश्नावर देशभर फिरून सभा घेतल्या त्या म्हणूनच.

आज कायद्याने वय उलट वाढवलेलं आहे. केंद्राच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी 32, इतर मागासवर्गासाठी 35, अनुसूचित जाती-जमातींसाठी 37. ही सवलत उशिरा शाळेत पोचणाऱ्या, मध्येच शाळा सुटणाऱ्या, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गुजरातेत जाणाऱ्या मुलांचा विचार करून टिकवायला हवी अशी गोष्ट आहे. पण बाजाराने स्वतःची वेगळी वयोमर्यादा लावली आहे: आठवीत फाउंडेशन, अकरावीत इंटिग्रेटेड, मग दिल्ली नाहीतर पुणे. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासेसनी प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. मला त्या योग्य वाटतात. कारण फी भरणाऱ्याचा मुलगा आठवीत सुरू करणार आणि न भरणाऱ्याची मुलगी आठवीतच स्वतःला हरलेली समजणार, हे 1878चंच नवं रूप आहे.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. भिल्ल कुटुंब, जन्माआधीच वडील गेलेले, आई दारू विकून घर चालवायची. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलं आहे. 2013च्या तुकडीतले हे आयएएस अधिकारी पुढे नंदुरबारचेच जिल्हाधिकारी झाले आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मितीची व्यवस्था उभी केली. त्यांची गोष्ट क्लासच्या जाहिरातीत छान बसते. पण तिचा क्रम नीट पाहावा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी मुलाची बुद्धी ओळखली. मग अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय. मग मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. नागरी सेवा परीक्षा आली ती एमबीबीएसच्या अखेरच्या टप्प्यात, डॉक्टरकी हाताशी येत असताना. लहान वयात त्यांना मिळाली ती चांगली शाळा, दोन वेळचं जेवण, गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक आणि वाचायला शांत जागा. कलेक्टर व्हायची घोकंपट्टी नव्हे. नवोदयच्या तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. प्रकाशातल्या हुशार मुलासाठी पाचवीतली ती प्रवेश परीक्षा यूपीएससीपेक्षा कितीतरी जवळची आहे, आणि तिच्याविषयी घरांत जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

दुसरं म्हणजे, ज्याला ‘जीएस’, म्हणजे सामान्य अध्ययन, म्हणतात त्याचा मोठा भाग या गावाच्या अंगणात पडलेला आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, सातशेहून अधिक किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. गोदावरी आणि कृष्णा पूर्वेला जात असताना ही पश्चिमेला का जाते, हे सातपुड्याकडे बोट दाखवून शिकवता येतं. गोमाई जिथे तापीला मिळते तिथल्या पांढरीत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी 1954-55 मध्ये उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतची वस्ती तिथे थरांत सापडली. केदारेश्वराला येणारे हजारो लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. त्याच काठाखाली वेदपाठाहून वेगळा इतिहास पुरलेला आहे, हे किती मुलांना माहीत असतं? तापीवरच्या बॅरेजमध्ये पाणी साठतं, पण ते उपसून शेतापर्यंत न्यायला काय लागतं? वीजबिल कोण भरतं? हा अर्थशास्त्राचा आणि प्रशासनाचा धडा. आदिवासी भागांसाठीची राज्यघटनेची पाचवी अनुसूची आणि 1996चा पेसा कायदा पुस्तकात दोन पानांचा असतो. इथे नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे अख्खे तालुके आणि शहादा-नंदुरबारची काही गावं त्या अनुसूचित क्षेत्रात येतात. एका गावात ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते शेजारच्या गावात नाहीत. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, त्यांतल्या अनेक कुटुंबांचं पुनर्वसन याच शहादा-तळोद्याच्या सपाटीवर झालं. विस्थापनावर निबंध लिहायचा असेल तर आपल्या वर्गातल्या मुलाच्या आजोबांना विचारावं. ते जे सांगतील ते दिल्लीच्या नोट्समध्ये मिळणार नाही.

असं शिकलेलं मूल पुढे अधिकारी झालं नाही तरी त्याचं काही वाया गेलं नाही. इथे माझा मुख्य आक्षेप येतो. परीक्षा हेच ध्येय ठेवून बाराव्या वर्षी सुरू केलेला प्रवास पंधरा वर्षं चालतो आणि हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या हातात शेवटी काय राहतं? पुण्याच्या सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली मुलं मी पाहिली आहेत. मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली तेव्हा ती रस्त्यावर उतरली, कारण त्यांच्याकडे त्या तारखेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. म्हणून पदवी अशी घ्यावी की तिच्यावर पोट भरेल: नर्सिंग, कृषी, अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र, काहीही. आणि किती अटेम्प्ट द्यायचे ते घरच्यांनी बसून आधी ठरवावं. मुलीच्या बाबतीत तर हे जास्तच निकडीचं आहे. तिला भाऊ किंवा नवऱ्याइतकी वर्षं कोणी देत नाही.

खरोखर लवकर सुरू करावी अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती म्हणजे लिहिणं. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर 1979 पासून केंद्राच्या मुख्य परीक्षेत मराठीतून उत्तरं लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर गोल रंगवून भागत नाही. प्रकाशाच्या वर्गात घरी गुजरी, अहिराणी किंवा भिली बोलणारी मुलं असतात. प्रमाण मराठी त्यांना शिकावी लागते, आणि त्या मराठीत एखादा मुद्दा दीडशे शब्दांत मांडण्याची सवय सहा महिन्यांच्या क्रॅश कोर्सने लागत नाही. तिला सहावी-सातवीपासूनची वर्षं लागतात. त्यासाठी फी नको. रोजचं वर्तमानपत्र, एक वही आणि लिहिलेलं वाचून ‘हे वाक्य कळलं नाही, परत लिही’ असं सांगणारा एक माणूस पुरतो. गावातल्या माध्यमिक शाळेने आणि ग्रामपंचायतीने मिळून संध्याकाळची एक खोली उघडी ठेवली, तिथे दोन वर्तमानपत्रं आणि राज्यघटनेची मराठी प्रत ठेवली, आणि निवृत्त शिक्षकांपैकी कोणी आठवड्यातून तीन दिवस वह्या तपासायला तयार झालं, तर येत्या जूनपासूनच हे सुरू करता येईल.