निरंक

येरमाळ्याहून सोलापूरच्या दिशेने हायवेला लागलं की पुढे येडशी येतं. तिथल्या बालाघाटच्या डोंगरात रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. एप्रिलमध्ये गेलात तर ‘हे जंगल?’ असंच म्हणाल. उघडे दगड, पानं झडलेली झाडं, कुठंतरी मोर ओरडतोय.

मी रविवारी तिथं वनरक्षकाच्या मदतीला जातो. जाळरेषा साफ करायची, पाणवठ्यात पाणी आहे का बघायचं, ठसे दिसले तर फोटो काढायचा. पगार नाही. एक खाकी जॅकेट आणि शिट्टी मिळाली.

घोळ त्या शिट्टीनेच केला.

एका दुपारी एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरत होती. मी शिट्टी वाजवली. ती थांबली, मोळी खाली टाकली आणि म्हणाली, “कुठल्या खात्याचा हायस रं बाबा?”

“कुठल्याच नाही, आजी. स्वयंसेवक.”

“मग?”

त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर होतं, नाही असं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय लाकूड नेता येत नाही. आज एक मोळी सोडली तर उद्या दहा उतरतील, हेही खरंच. पण मी संध्याकाळी बाइकवरून घरी जाणार, जिथं गॅस आहे. तिची चूल त्या मोळीची वाट बघत होती. फुकट काम करतो म्हणून मला तिला अडवण्याचा जास्त हक्क मिळतो, की कमी?

आमच्या गावात सेवा म्हटलं की येडेश्वरीची यात्रा आठवते. चैत्री पौर्णिमेनंतर लाखो लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात, देवीसाठी. खडा वेचणाऱ्याला दुसऱ्यावर शिट्टी वाजवता येत नाही. वाकायचं, वेचायचं, बाजूला व्हायचं. माझ्या सेवेत वाकणं कमी आणि हटकणं जास्त होतं, हे मला त्या उन्हात कळलं.

त्याआधी २०२४च्या डिसेंबरमध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून एक वाघ इथं आला होता, कॅमेऱ्यात दिसला. आमचा ग्रुप रात्रभर जागा, नुसते फायरचे इमोजी. वस्त्यांवरचे लोकही जागेच होते, पण गोठ्याजवळ, काठी घेऊन. आमचा आनंद खोटा नव्हता, स्वस्त मात्र होता. आणि मार्चमध्ये वणवा लागला तेव्हा हिरव्या फांद्या घेऊन सगळ्यात आधी पोचले ते याच वस्त्यांवरचे. त्यांना कुणी जॅकेट दिलं नव्हतं.

मी मोळी तपासली. सगळं वाळलेलं, दोनच फांद्या ओल्या. त्या काढून ठेव म्हणालो, तिने ठेवल्या. मग मी वाटेतून बाजूला झालो तरी ती हलेना.

“आता उचलून कोण देनार?”

खाली टाकलेली मोळी एकट्याने डोक्यावर चढवता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माझी आजीही मोळ्याच आणायची. मी वाकलो, तिने पदराची चुंबळ नीट केली, आम्ही दोघांनी मिळून मोळी चढवली. ती काही न बोलता उतरू लागली.

संध्याकाळी गस्तीच्या नोंदीत ‘काय आढळले’ या रकान्यापुढे मी लिहिलं : निरंक. वनरक्षकाने वाचलं, माझ्या खांद्यावरची काटकी झटकली आणि वही मिटली.