सरासरीचें आयुष्य

मनुष्याच्या जीविताचा प्रश्न गणितानें सोडवावा कीं नाहीं, हा वाद आजचा नव्हे. इ. स. १७६० मध्यें डॅनिएल बर्नूली या गणितज्ञाचा देवीच्या टोचणीवरील निबंध पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें आला. त्या काळीं टोचणी म्हणजे देवी आलेल्या रोग्याच्या फोडांतील द्रव्य निरोगी माणसाच्या अंगांत घालणें. जेनरच्या गाईच्या देवीच्या लसीस अद्यापि ३६ वर्षें अवकाश होता. टोचल्यानें पुढील भय टळे. परंतु सुमारें दोनशांत एक जण टोचणीनेंच दगावतो, असें धरण्यांत येई.

बर्नूलीनें मुख्यतः दोन गोष्टी गृहीत धरिल्या: ज्यांस देवी आल्या नाहींत अशांपैकीं दरवर्षीं अष्टमांश लोकांस त्या येतात, आणि आलेल्यांपैकीं अष्टमांश मरतात. एवढ्यावरून समीकरण मांडून त्यानें दाखविलें कीं, देवीचा रोग नाहींसा झाला तर जन्मकाळचें सरासरी आयुष्य २६ वर्षें ७ महिन्यांवरून २९ वर्षें ९ महिन्यांवर जाईल. टोचणीचे मृत्यु वजा केले तरी लाभ थोडाच घटतो.

दालांबेर हाही गणितीच. पण त्याचें समाधान झालें नाहीं. राज्याला सर्व प्रजा सारखी, व्यक्तीला आपला जीव पहिला, असें त्याचें म्हणणें. मिळणारीं वर्षें आयुष्याच्या शेवटीं, आणि धोका मात्र याच महिन्यांत. हीं दोन्हीं एका तराजूंत कशीं घालावीं?

आम्हांस हा आक्षेप मोलाचा वाटतो. सरासरीचें आयुष्य कोणीच जगत नाहीं. दोनशांतील एक हा हिशेबांत अपूर्णांक असतो; घरांत तें पुरें मूल असतें, आणि ज्या बापानें त्याचा हात वैद्यापुढें धरिला त्याला तें कृत्य विसरतां येत नाहीं. मात्र येथें एक फसगत होते. न टोचतां मूल गेलें तर दोष दैवाचा, टोचून गेलें तर आपला, असें आपण मानतों. वस्तुतः न टोचणें हाही निर्णयच. आणि बर्नूलीच्या आंकड्यांप्रमाणें तो कित्येक पटींनीं अधिक जोखमीचा. ही सोयीची पळवाट गणितानें बंद केली, हा त्याचा उपकारच. तरी त्या समीकरणांतून ‘टोचा’ एवढा सल्ला निघतो. ‘टोचलेंच पाहिजे’ ही आज्ञा निघत नाहीं. तिचें समर्थन राजानें अन्यत्र शोधावें.

दालांबेर टोचणीचा वैरी नव्हता, हें पुष्कळजण विसरतात. त्याची एक तक्रार त्या अष्टमांशाविषयीं होती: तान्ह्या मुलास आणि पन्नाशीच्या गृहस्थास तो एकच कसा? कोणत्या वयाचे किती जण देवीनें मरतात, याच्या नोंदी त्याला आधीं हव्या होत्या.